न पाहिलेल्या गावाचं चित्र

जे गाव अजून वसलेलंच नाही, त्याचं चित्र काढायला सांगितलं तर?

१९११ साली ऑस्ट्रेलियाला नवी राजधानी बांधायची होती. ठरलेल्या जागी होती फक्त कुरणं, टेकड्या आणि एक नदी. सरकारनं जगभरच्या वास्तुतज्ज्ञांसाठी स्पर्धा ठेवली. भाग घेणाऱ्यांना जागेचे नकाशे आणि भोवतालच्या देखाव्याची चित्रं मिळाली. अमेरिकेत शिकागोला राहणाऱ्या वॉल्टर ग्रिफिन यांनी तेवढ्यावरून शहराचा आराखडा केला.

पण नकाशात डोंगर म्हणजे नुसत्या गोल गोल रेघा! त्यावरून शहर डोळ्यांपुढे कसं यावं? ते काम केलं त्यांच्या पत्नीनं, मॅरियन महोनी ग्रिफिन यांनी. त्या स्वतःही वास्तुतज्ज्ञ होत्या, बरं का! मनानंच त्या माउंट एन्स्ली नावाच्या डोंगरमाथ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. उंचीच्या रेघा वाचून, तिथून काय काय दिसेल ते त्यांनी मांडलं. मग कापडावर शाई आणि जलरंग. भडक रंग कुठेच नाहीत. मातकट, पिंगट, सोनेरी, जणू संध्याकाळ होत आलीय. डोंगराखालून सरळ गेलेला रस्ता, मध्ये पाणी, पलीकडे इमारती आणि मागे धूसर डोंगररांगा. इमारती बेताच्याच, डोंगर मात्र भारदस्त. पाहणाऱ्याला वाटावं, चला, इथंच राहायला जाऊ!

नऊ आठवडे काम चाललं. कडाक्याच्या थंडीत, मध्यरात्रीच्या सुमारास चित्रांची पेटी निघाली. ती इतकी लांब की टॅक्सीत मावेना! दारं उघडी ठेवूनच टॅक्सी पळवली आणि शेवटची आगगाडी गाठली. ती चुकली असती, तर ऑस्ट्रेलियाची शेवटची बोटही चुकली असती. मॅरियनबाईंनीच ही हकिगत आपल्या आठवणींत लिहून ठेवलीय.

१९१२च्या मे महिन्यात निकाल लागला. १३७ आराखड्यांत पहिला नंबर वॉल्टर ग्रिफिन यांचा. मॅरियनबाईंचं नाव? ते काही जाहीर झालं नाही. गंमत म्हणजे, चित्रातल्या झाडाझुडपांत आपली आद्याक्षरं लपवून ठेवायची त्यांना आधीपासून सवयच होती.

ते शहर म्हणजे आजचं कॅनबेरा. आराखड्यातलं तळं भरायला १९६४ साल उजाडलं. त्याला नाव मिळालं वॉल्टर यांचं. मॅरियनबाईंच्या वाट्याला २०१३ साली माउंट एन्स्लीवरची एक जागा आली, जिथून सारं शहर दिसतं. त्या जिथे मनानं उभ्या राहिल्या होत्या, तोच हा माथा. इमारती वेगळ्या आहेत. पण तो सरळ रस्ता, ते पाणी आणि मागचे डोंगर तिथून दिसतातच.