माती उघडी ठेवू नका

श्रोतेहो, जालन्यात परसबाग करायची म्हणजे पाण्याचा हिशेब आलाच. २०१२-१३चा दुष्काळ कोण विसरेल? म्हणून वाफ्यातली माती उघडी ठेवू नका. टोमॅटोच्या बुडाशी चार बोटे पालापाचोळा पसरा; ओल टिकते. पाणी आज भरपूर आणि मग चार दिवस थेंब नाही, असे झाले की फळाला कॅल्शियम मिळत नाही आणि टोमॅटो खालून काळा पडतो.

बटाटा थंडीच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा. रोप वीतभर झाले की बुंध्याला मातीची भर द्या. उजेड लागलेला बटाटा हिरवा होतो, त्यात सोलानिन हे विष वाढते. शिजवूनही ते जात नाही. असा बटाटा मुलांच्या ताटात नको. पाचोळा आणि माती, दोन्ही अंगणातच आहेत.