खेळाला पत्ताच नाही

तुम्ही आत्ता वाचायला घेतलेला हा लेख संगणकावर साठवला, तर साधारण पंचवीस-तीस किलोबाइट जागा घेईल. देवनागरीत एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा तीन-तीन बाइट खाते. आता 'सुपर मारिओ ब्रदर्स' आठवा. बत्तीस लेव्हल, ती कासवं, ते पाइप, पाण्याखालचं जग, वर सतत वाजणारं संगीत. हा अख्खा खेळ 40 किलोबाइटचा आहे! कसा बसवला असेल? एक चोरी सांगतो. त्यातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं ही एकच चित्रं आहेत. फक्त रंग बदललाय. आपण वर्षानुवर्षं बघत होतो आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ही काटकसर जपानी लोकांनीच केली असं समजू नका. साधारण 2003 साली नोकियाच्या साध्या रंगीत फोनांवर जावा खेळ चालायचे, आणि त्यातल्या पहिल्या फोनांवर एका खेळाच्या फाइलला मर्यादा होती 64 किलोबाइटची. असले खेळ बनवण्याचा धंदा त्या काळात मुंबईत जोरात होता. विशाल गोंडल यांनी 1999 साली सुरू केलेली इंडियागेम्स इथलीच. पुढे ती डिस्नीच्या हाती गेली. नितीश मित्तरसेन यांची नझाराही इथलीच. अंधेरी-घाटकोपरच्या स्टेशनांबाहेर तेव्हा मोबाइलची जी छोटी दुकानं होती, तिथे 'मेमरी कार्ड भरून' मिळायचं. गाणी, वॉलपेपर आणि मूठभर खेळ. एकाच्या फोनमधून दुसऱ्याच्या फोनमध्ये ब्लूटूथने उडी मारत ते खेळ विरारपासून मुलुंडपर्यंत पोचायचे. बनवणाऱ्याला त्यातून किती पैसे मिळायचे, हा प्रश्न विचारायचा नाही.

आज असाच एखादा जावा खेळ तळहातावर मावणाऱ्या रेट्रो यंत्रावर चालतो. मियू, अँबर्निक अशा नावांची ही चिनी यंत्रं. बटणं, छोटा पडदा आणि एक मेमरी कार्ड. आत नोकिया नाही, सिम नाही, फोनचा मागमूस नाही. तरी खेळ सुरू होतो आणि त्याला वाटतं, आपण 2003 सालच्या नोकियातच आहोत. त्याला असं वाटायला लावायचं कसं? मला विचाराल तर सगळ्या संगणकविद्येत याच्याइतकी सुंदर थाप दुसरी नाही.

आधी जुन्या टीव्हीवरच्या खेळाची थाप बघू, कारण ती सरळ आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी 'लिटल मास्टर' किंवा 'मीडिया' नावाचा 'व्हिडिओ गेम' असायचा. पिवळी कॅसेट, तिच्यावर '9999 इन 1' असं छापलेलं आणि आत प्रत्यक्षात मोजकेच खेळ, नावं आणि सुरुवातीच्या लेव्हल बदलून पुन्हा पुन्हा. ही सगळी यंत्रं म्हणजे निन्टेन्डोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ फॅमिकॉमचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे 17 लाख 90 हजार ठोके देतो. त्याच्या शेजारी चित्र काढणारी दुसरी चिप असते आणि पहिलीच्या एका ठोक्यात ती पडद्यावर तीन ठिपके पुढे सरकते.

एमुलेटर म्हणजे या सगळ्याची सही सही नक्कल करणारा प्रोग्राम. खेळातली एक आज्ञा वाचायची, जुना प्रोसेसर तिचं काय करायचा ते आपण करायचं, तिला किती ठोके लागायचे ते मोजायचं, तितके गुणिले तीन ठिपके चित्राच्या चिपला पुढे ढकलायचं. मग पुढची आज्ञा. एक चित्र पुरं व्हायला असे 29,780 ठोके, आणि सेकंदाला अशी 60 चित्रं.

इतका काटेकोरपणा कशाला? थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?

मारिओ सुरू करा आणि वरच्या पट्टीकडे बघा. गुण, नाणी, वेळ. खालचं जग डावीकडे सरकत राहतं, पण ती पट्टी जागची हलत नाही. गंमत अशी, की फॅमिकॉमच्या चिपला पडद्याचा एक भाग स्थिर ठेवून दुसरा सरकवणं येतच नाही. मग केलं काय? वरच्या नाण्याच्या चित्राखाली एक बारीकसं चित्र लपवलं. टीव्हीचा किरण वरून खाली रंगवत त्या जागी पोचला, की चिप एक खूण वर करते. खेळ त्याच खुणेची वाट बघत थांबलेला असतो. खूण दिसली रे दिसली, की तो चिपला सांगतो, आता इथून खालचं सगळं सरकव. हे प्रत्येक चित्रात, म्हणजे सेकंदाला साठ वेळा. एमुलेटरने ती खूण चुकीच्या क्षणी दिली तर पट्टी थरथरते. दिलीच नाही तर खेळ तिथेच वाट बघत बसतो. कायमचा! आता सांगा, टीव्हीचा किरण आज आहे कुठे? रेट्रो यंत्राच्या पडद्यात किरणबिरण काही नसतो. एमुलेटर नसलेल्या किरणाची जागा नुसती मोजत राहतो आणि योग्य ठिपक्याला 'आला बरं का' म्हणतो.

(आणखी एक. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला 50 चित्रांचा. त्याच्यासाठी बनवलेल्या नकली यंत्रांत खेळ त्या मानाने मंद चालायचा. म्हणून एमुलेटरवर लहानपणीचा खेळ अचानक अवघड वाटला, तर सगळा दोष वयाला देऊ नका.)

आता पुन्हा फोनकडे. जावा खेळाची जात निराळी. तो कुठल्याच खऱ्या प्रोसेसरसाठी लिहिलेला नसतो. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने आधी कागदावर एक प्रोसेसर बेतला, त्याच्या आज्ञा ठरवल्या आणि म्हटलं, प्रत्येक यंत्राने याचं सोंग घेणारा एक प्रोग्राम आपापल्या पोटात ठेवायचा. एकदा लिहा, कुठेही चालवा, अशी त्यांची घोषणाच होती. म्हणजे तुमच्या खिशातला जुना नोकिया हा मुळातच एक एमुलेटर घेऊन फिरत होता!

घोषणा झकास होती. मुंबईतल्या पोर्टिंग करणाऱ्या, म्हणजे एकच खेळ वेगवेगळ्या फोनांवर बसवणाऱ्या, पोरांना विचारा तिचं पुढे काय झालं. एका फोनचा पडदा 128 बाय 128 ठिपक्यांचा, नोकिया 6600 चा 176 बाय 208, आणखी कुणाचा 240 बाय 320. आणि बटणं? तुम्ही वरचा बाण दाबला की नोकियाचा फोन खेळाला एक आकडा कळवतो : उणे 1. पडद्याखालचं डावं बटण म्हणजे उणे 6, उजवं म्हणजे उणे 7. मोटोरोलाच्या अनेक फोनांत याच दोन बटणांचे आकडे उणे 21 आणि उणे 22. सीमेन्समध्ये? उणे 1 आणि उणे 4. घोळ लक्षात आला? सीमेन्सवर 'मेनू' दाबलात, की नोकियासाठी लिहिलेला खेळ समजतो बाण वर दाबला. खेळ क्रिकेटचा असेल तर फलंदाज भलतीकडेच बॅट फिरवणार. म्हणून एकाच खेळाच्या, फोनगणिक थोड्या थोड्या वेगळ्या, शेकडो बिल्ड काढाव्या लागत. खेळ बनवायला लागला नसेल इतका वेळ तो फोनाफोनांवर बसवण्यात जायचा.

त्यात ते 64 किलोबाइट. सगळी चित्रं एकाच लांब पट्टीत चिकटवायची, कारण प्रत्येक चित्र-फाइलला स्वतःची डोकेपट्टी लागते आणि तिचेही बाइट मोजले जातात. प्रोग्रामात कुणी प्रेमाने 'गोलंदाज', 'क्षेत्ररक्षक' अशी नावं दिली असतील तर शेवटी एक हत्यार चालवून त्यांची 'ए', 'बी', 'सी' करून टाकायची. नावंसुद्धा परवडत नव्हती! खेळाच्या जार फाइलसोबत जॅड नावाची एक चिठ्ठी जायची. तिच्यात जारचा आकार लिहिलेला. चिठ्ठीतला आकडा आणि खरा आकार यांत एका बाइटचा फरक निघाला, तर फोनने खेळ नाकारायचा आणि 904 हा कोड परत पाठवायचा, असा नियम होता.

असा खेळ आजच्या यंत्रावर चालवायचा तर प्रोसेसरची नक्कल करून काय उपयोग? इथे फसवायचं असतं ते वेगळ्या तऱ्हेने. खेळ फोनकडे सतत काहीतरी मागत असतो : पडद्यावर इथे चित्र काढ, हा आवाज वाजव, आधीचा स्कोअर जपून ठेव. फ्रीजेटूएमई नावाचा एक मुक्त प्रोग्राम यातल्या प्रत्येक मागणीला फोनच्या वतीने 'ओ' देतो. त्याच्या सेटिंगमध्ये शिरलात तर एक पर्याय दिसतो, फोनचा प्रकार. स्टँडर्ड, नोकिया, सीमेन्स, मोटोरोला. त्या उणे आकड्यांचा सगळा घोळ या एका ओळीत येऊन बसलाय.

आता रेट्रो यंत्रावर हा खेळ चालतो तेव्हा आत कोण कोण जागं असतं बघा. सगळ्यात खाली लिनक्स. त्याच्यावर रेट्रोआर्च, सगळ्या एमुलेटरांना एका छताखाली घेणारा. त्याने फ्रीजेटूएमईला हाक मारली की तो शेजारी वेगळा जावा सुरू करतो, त्याच्याशी नळीतून बोलतो : हे घे बटण, दे मला चित्र. त्या जावात फोनचं सोंग, आणि सोंगाच्या आत तो 64 किलोबाइटचा खेळ. सन कंपनीच्या घोषणेला खरेपणा आला तो असा, वीस वर्षांनी, आणि तोही सनने न लिहिलेल्या प्रोग्रामामुळे.

हे सगळं यंत्रावर बसवायचं, म्हणजे पॅकेज करायचं, ही पुन्हा वेगळी कला. मियूसारख्या यंत्रावर एका अ‍ॅपचा अर्थ एक फोल्डर. आत एक छोटी जेसन फाइल : नाव काय, आयकॉन कुठला, सुरू काय करायचं. दुसरी 'लाँच' नावाची पाच-दहा ओळींची स्क्रिप्ट. आणि मग लायब्ररींचा, म्हणजे प्रोग्रामाला लागणाऱ्या तयार तुकड्यांचा, ढीग. कारण त्या चिमुकल्या लिनक्समध्ये जवळपास काही नसतंच. आपले लोक युरोपच्या टूरवर पिठलं-भात करणारा आचारी बरोबर नेतात ना, तसं अ‍ॅपने लागेल ते सगळं स्वतःच्या फोल्डरातून न्यायचं आणि स्क्रिप्टने सुरुवातीलाच सांगायचं, लायब्ररी बाहेर शोधण्याआधी आपल्या डब्यात बघ. शिवाय ते लॅपटॉपच्या प्रोग्रामासारखं बनवून चालत नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा इंटेल जातीचा, यंत्राचा एआरएम. म्हणून इंटेलवर बसून एआरएमच्या भाषेत प्रोग्राम बांधायचा. बांधणाऱ्या संगणकाला तो स्वतः चालवताही येत नाही!

आणि मग पडदा. मियू मिनीत पडद्याची काच चक्क उलटी बसवलेली आहे, डोकं खाली पाय वर. जो प्रोग्राम थेट पडद्यावर रंगवतो, त्याचं चित्र शीर्षासनात दिसतं. म्हणून प्रत्येक चित्र 180 अंशांत फिरवून द्यावं लागतं, तेही खेळाला न कळवता. सुरुवातीच्या मियू मिनीचा पडदा 640 बाय 480 ठिपक्यांचा. फॅमिकॉमचं चित्र 256 बाय 240, बरोबर दुप्पट केलं की उंची ठिपक्याला ठिपका बसते. गेमबॉयचं 160 बाय 144, तिप्पट करा, चारी बाजूंना काळी चौकट राहील पण चित्र कोरीव. नोकिया 6600 चा खेळही दुप्पट होऊन सुखाने बसतो. पण 240 बाय 320? दुप्पट केलं तर उंची 640, मावत नाही. दीडपट केलं तर अर्धा ठिपका कसा रंगवणार? मग कुठे जाड, कुठे बारीक, अक्षरं दाताडं विचकल्यासारखी. मी असला खेळ मूळ आकारातच, पडद्याच्या मधोमध ठेवतो. लहान दिसतो, पण नीट दिसतो.

एक गोष्ट सरळ सांगून टाकू. एमुलेटर लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याच्या खेळाच्या प्रती वाटणं वेगळं. जुना झाला म्हणून खेळ बिनमालकीचा होत नाही. पण घरातल्या जुन्या फोनमध्ये तुम्ही विकत घेतलेला एखादा खेळ पडून असेल आणि त्याची जार फाइल संगणकावर उतरवता आली, तर एक करा. ती चालवायच्या आधी तिची एक प्रत करा आणि प्रतीच्या नावातलं 'जार' काढून 'झिप' लिहा. फाइल मुकाट्याने उघडेल, कारण जार ही मुळात झिपच असते. आत ती लांब चित्रपट्टी दिसेल, एका रांगेत उभे असलेले धावते फलंदाज, प्रत्येकाचा पाय थोडा पुढे. शेजारी ए, बी, सी नावाच्या फाइली असतील. हेक्स एडिटरमध्ये त्यातली कुठलीही उघडा, पहिले चार बाइट नेहमी तेच : सीए एफई बीए बीई. सलग वाचा, कॅफे बेब. जावाच्या जनकांचा हा विनोद जगातल्या प्रत्येक जावा क्लासच्या कपाळावर आहे. आणि मॅनिफेस्ट नावाची साधी मजकूर-फाइल उघडलीत, तर 'व्हेंडर' असं लिहिलेली एक ओळ सापडेल. तिच्यापुढे खेळ काढणाऱ्या कंपनीचं नाव असतं. कुणी सांगावं, मुंबईतलंच निघायचं.