कांगारू हात का चाटतो?

गालगुंड झालेलं मूल आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. त्याच्या कानाखाली जी सुजते ती अनुकर्ण ग्रंथी. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्यांपैकी ही एक; उरलेल्या दोन खालच्या जबड्याशी आणि जिभेखाली असतात. लाळ शिकवताना आपण मुलांना पोळीचा घास बराच वेळ चावायला लावतो, तो गोड लागतो, आणि ‘लाळ म्हणजे पिष्टाचं पचन’ एवढं मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. हे समीकरण फारच तोकडं आहे, असं आम्हांला वाटतं. ते मोडायला ऑस्ट्रेलियातला कांगारू चांगला उपयोगी पडतो.

कांगारू हा शिशुधान प्राणी. गाय-म्हशींशी त्याचं नातं फार दूरचं, पण खाणं तेच, गवत. गवतातलं सेल्युलोज पचवायला दोघांनाही जिवाणूंची मदत लागते. कांगारूच्या जठराचा पुढचा भाग लांबलचक पिशवीसारखा असतो. तिथे जिवाणू गवत आंबवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात ती रक्तात शोषली जातात आणि कांगारूला त्यांतून ऊर्जा मिळते. पण हीच आम्लं साठत गेली तर जिवाणूंचंच काम थांबेल. मग उपाय काय?

उपाय मानेत आहे. कांगारूची अनुकर्ण ग्रंथी चांगलीच मोठी, कानाखालून मानेवर पसरलेली असते. तिची रचना द्राक्षाच्या घडासारखी समजावी. द्राक्षं म्हणजे पेशींचे पोकळ पुंजके, देठ म्हणजे नलिका. पुंजक्यांत रक्तद्रवाशी मिळताजुळता पातळ द्रव स्रवतो आणि नलिकांतून वाहताना त्यातल्या क्षारांचं प्रमाण बदलतं. तोंडात येते ती पाणीदार, बायकार्बोनेट आणि फॉस्फेट असलेली लाळ. खाण्याच्या सोड्यात बायकार्बोनेटच असतं, हे सांगितलं की आठवीची मुलं पुढचं स्वतःच सांगतात! या लाळेबरोबर थोडा युरियाही जठरात परत जातो. त्यातला नायट्रोजन वापरून जिवाणू प्रथिनं बनवतात. निकृष्ट, वाळक्या गवतावर जगणाऱ्याला ही बचत मोठीच.

लाळेचं आणखी एक काम पोटाबाहेरचं आहे. लाल कांगारूला पळताना घाम येतो, पण थांबल्यावर लगेच आटतो. उन्हात नुसतं बसलेलं असताना तो धापा टाकतो आणि पुढच्या पायांवर, म्हणजे हातांवर, लाळ फासतो. सगळं अंग सोडून हातच का? १९७४ साली नीडहॅम, डॉसन आणि हेल्स यांनी दाखवलं, की तिथे कातडीलगत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि उष्णतेत त्यातला रक्तप्रवाह वाढतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खेचली जाते. ती या रक्तातून जाते, आणि गार झालेलं रक्त शरीरात फिरतं. वर्गात एका मनगटावर ओला बोळा फिरवून दोन्ही मनगटांवर फुंकर घालायला सांगावी. फरक लगेच कळतो.

पण लाळ म्हणजे पाणीच, आणि कांगारूच्या कोरड्या मुलखात ते महाग. आंबवणीसाठी वापरलेल्या लाळेतलं पाणी पुढे आतड्यात बरंचसं परत मिळतं, हातावरचं मात्र उडून जातं. त्यामुळे भर दुपारी कांगारू शक्यतो चाटत बसत नाहीत. झाडाच्या सावलीत वरची तापलेली माती उकरून खालच्या गार मातीवर पडून राहतात, आणि चरायला संध्याकाळी निघतात.