आईवडिलांचा वाद आणि मुलाची लष्करी नोंद

सैनिकाच्या घरी मूल जन्माला आले की त्याची नोंद दोन ठिकाणी व्हावी लागते. पहिली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत आणि दुसरी सैनिकाच्या सेवा अभिलेखात. पहिली नोंद मूल कोणाचे हे सांगते, तर दुसरी ते लष्कराच्या लेखी कोणावर अवलंबून आहे हे सांगते. संसार सुरळीत चालला असेल तर ही दुसरी नोंद कधी झाली हे घरच्यांच्या ध्यानातही राहत नाही. पती-पत्नीत बेबनाव झाला, पत्नी मूल घेऊन माहेरी आली, किंवा पतीने मूल आपले नसल्याचा पवित्रा घेतला, की मग मात्र हाच साधा कागद भांडणाचे हत्यार बनतो. 'मी नाव घालणार नाही' असे एकाने म्हणायचे आणि 'मी कागद देणार नाही' असे दुसऱ्याने, अशा ओढाताणीत नुकसान होते ते ज्याला या वादातले काही कळत नाही त्या मुलाचे. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून पिढ्यानपिढ्या सैन्यात भरती होत आली आहे. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या अनेक घरांचाही सैन्याशी संबंध आहे. त्यामुळे या प्रश्नाची कायदेशीर बाजू समजून घेणे अगत्याचे ठरते.

नोंद होते कशी?

लष्करी युनिटच्या दैनंदिन आदेशांचे दोन भाग असतात. पहिल्या भागात प्रशिक्षण, कवायत, पहारा असे रोजचे विषय येतात. दुसऱ्या भागात सैनिकाच्या वैयक्तिक आयुष्यातील आणि सेवेतील बदल प्रसिद्ध होतात. विवाह, अपत्यजन्म, घटस्फोट, मृत्यू, रजा, बढती हे सारे त्यात येते. यालाच सैनिकांच्या घरोघरी 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. जवान जन्मदाखल्यासह युनिटकडे अर्ज करतो, आदेश प्रसिद्ध होतो आणि तो संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे व वेतन कार्यालयाकडे जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तोफखान्याचे नाशिक रोडला, तर बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला. लष्करी अधिकाऱ्यांच्या वेतनाचे काम पुण्यातील संरक्षण लेखा कार्यालयाकडे आहे. नौदल व हवाई दलाची नोंदपद्धत वेगळी असली, तरी तत्त्व हेच आहे.

या एका ओळीवर बरेच काही अवलंबून असते. लष्करी रुग्णालयातील उपचार, अवलंबिताचे ओळखपत्र, रजा-प्रवास सवलत, शिक्षणभत्ता या सर्वांसाठी हीच नोंद आधार मानली जाते. शिक्षणभत्ता दोन ज्येष्ठ अपत्यांपुरता असतो आणि १ जानेवारी २०२४ पासून तो प्रत्येकी दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे झाला. सैनिक निवृत्त झाल्यावर २००३ मध्ये सुरू झालेल्या 'ईसीएचएस' या माजी सैनिक आरोग्य योजनेतही मुलाचे नाव याच अभिलेखाच्या आधारे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कौटुंबिक निवृत्तिवेतन. पत्नीच्या पश्चात, किंवा पत्नी पात्र नसेल तेव्हा, ते मुलांकडे येते. सर्वसाधारणपणे वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत, विवाह होईपर्यंत किंवा स्वतःची कमाई सुरू होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर ते मिळते. कमावण्यास असमर्थ असलेल्या अपंग अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकते.

नोंद म्हणजे ताबा नव्हे

बहुतेक वाद एका गैरसमजातून चिघळतात. मुलाचे नाव अभिलेखात घातले तर उद्या त्याचा ताबा वडिलांकडे जाईल, अशी भीती आईला वाटते. उलट, नाव घातले की पत्नीच्या पोटगीचा दावा आपण मान्य केला असे होईल, असे वडिलांना वाटते. या दोन्ही समजुतींना आधार नाही. मुलाचा ताबा कोणाकडे असावा हे न्यायालय मुलाचे हित पाहून ठरवते. त्यात सेवा अभिलेखातील नोंद निर्णायक नसते. पत्नीला पोटगी मिळावी की नाही, किती मिळावी, हाही स्वतंत्र प्रश्न आहे. घटस्फोट झाला की पत्नी सैनिकाच्या कुटुंबातून वगळली जाते. मुलाचे तसे होत नाही. विवाह मोडतो, पितृत्व मोडत नाही. म्हणूनच घटस्फोटित आईजवळ वाढणारे मूलही वडिलांचे अवलंबित अपत्य म्हणून पात्र राहू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नामनिर्देशन आणि अपत्यनोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. विमा किंवा भविष्य निर्वाह निधी यांसाठी सैनिक नामनिर्देशन करतो आणि ते बदलूही शकतो. कौटुंबिक निवृत्तिवेतनाचे तसे नाही. ते नियमांनी ठरवून दिलेल्या कुटुंबीयांनाच मिळते आणि मृत्युपत्राने ते दुसऱ्या कोणाला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले आहे. रागाच्या भरात मुलाचे नाव न घालणारा पिता त्याचा हक्क नष्ट करू शकत नाही. तो सिद्ध करण्याचे ओझे मात्र मुलाच्या माथी मारतो.

वडील नकार देतात तेव्हा

समजा, जवान लडाखमध्ये तैनात आहे, पत्नी कराडला माहेरी बाळंत झाली आहे आणि पती नोंदीसाठी अर्ज करण्याचे टाळतो आहे. अशा वेळी आईने पहिली गोष्ट करावी ती नागरी जन्मनोंदीची. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर ही जबाबदारी रुग्णालयाची असते. नावाबाबत एकमत होत नसेल तर तेवढ्यासाठी नोंद अडवू नये. नावाशिवायही जन्माची नोंद होते आणि नाव पुढे दाखल करता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्या तारखेनंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, पारपत्र, आधार अशा अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरवला आहे. साहजिकच हा दाखला बिनचूक असण्याचे महत्त्व वाढले आहे.

त्यानंतर विवाहाचा पुरावा, जन्मदाखला आणि पतीचा सैनिक क्रमांक यांसह आईने युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला पाठवावी. अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. युनिट ठाऊक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. अशा अर्जावर जवानाचे म्हणणे विचारले जाते. विवाहाची नोंद पूर्वीच झालेली असेल आणि जन्माबद्दल वाद नसेल, तर प्रश्न बहुधा याच पातळीवर सुटतो.

पितृत्वच नाकारले तर?

पतीने मूल आपले नाही असे लेखी कळवले की गोष्ट लष्करी कार्यालयाच्या आवाक्याबाहेर जाते. पितृत्वाचा निवाडा कमांडिंग ऑफिसर करत नाही, तो न्यायालय करते. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार एखाद्या व्यक्तीच्या औरसतेबद्दल घोषणा मागण्याचा दावा कुटुंब न्यायालयात दाखल करता येतो. असा हुकूमनामा हाती आला की अभिलेखातील नोंदीसाठी भक्कम आधार मिळतो.

येथे कायदा मुलाच्या बाजूने झुकलेला आहे. वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आईने पुनर्विवाह केलेला नसताना, जन्मलेले मूल त्या पतीचेच, असे कायदा निर्णायकपणे धरून चालतो. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आली आहे. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नींचा परस्परांशी संपर्क होणेच शक्य नव्हते, हे सिद्ध केले तरच हे गृहीतक ढळते. सैनिकांच्या प्रकरणांत या मुद्द्याला विशेष धार येते. जवान कोणत्या तारखेला रजेवर होता, कुटुंब निवासस्थानी पत्नी कधी राहिली, प्रवास कधी झाला, याच्या नोंदी लष्कराकडेच असतात. त्या पतीच्या बाजूने जाऊ शकतात, तशाच पत्नीच्याही.

डीएनए चाचणीचे काय, असा प्रश्न ओघानेच येतो. चाचणीचा अहवाल समोर असेल आणि तो गृहीतकाच्या विरुद्ध असेल तर वैज्ञानिक पुराव्याला प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले होते. तथापि, चाचणी मागताक्षणी मिळते असे नाही. वैवाहिक कलहात मुलाला सरसकट अशा चाचणीस सामोरे जायला लावता येणार नाही, असे याच न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. नुसता संशय हे चाचणीचे कारण होऊ शकत नाही.

दुसऱ्या विवाहाच्या प्रकरणांतही मुलांना संरक्षण आहे. पहिली पत्नी हयात असताना घटस्फोटाविना केलेला विवाह हिंदू विवाह कायद्यानुसार रद्दबातल ठरतो. परंतु त्याच कायद्याचे कलम १६ अशा विवाहातील अपत्यांना औरस मानते. दुसऱ्या पत्नीला कौटुंबिक निवृत्तिवेतन नाही, मात्र तिच्या मुलांना त्यात वाटा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात २००० मध्ये दिला.

निकालापर्यंत मुलाने खायचे काय?

दावे वर्षानुवर्षे चालतात, आणि सैनिकाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. १९२५ च्या भारतीय सैनिक (दावे) कायद्यानुसार युद्धजन्य वा विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचे कामकाज पुढे ढकलले जाऊ शकते. सीमेवरच्या माणसाच्या पाठीमागे एकतर्फी निकाल होऊ नये, हा त्यामागचा रास्त हेतू आहे. दुसरीकडे, सैनिक रजेवर आला असता त्याच्या प्रकरणाची सुनावणी शक्यतो त्या रजेतच व्हावी, अशी तरतूद लष्कर कायद्याच्या कलम ३२ मध्ये आहे. या तरतुदीचा लाभ जवानाने घेतला तर दोन्ही पक्षांची हेलपाट्यांतून सुटका होते.

दरम्यानच्या काळात देखभालखर्चाचा मार्ग मोकळा आहे. लष्कर कायद्याच्या कलम २८ नुसार दिवाणी न्यायालयाला सैनिकाच्या वेतनावर थेट जप्ती आणता येत नाही. पण म्हणून सैनिकाची जबाबदारी टळत नाही. त्याच कायद्याचे कलम ९० अधिकाऱ्यांच्या आणि कलम ९१ इतरांच्या वेतनातून पत्नीच्या व मुलांच्या देखभालीसाठी कपात करण्याचा अधिकार सरकारला आणि सक्षम लष्करी अधिकाऱ्यांना देते. यात 'औरस वा अनौरस अपत्य' असे स्पष्ट शब्द आहेत. पत्नीच्या अर्जावर जवानाला कारणे दाखवा नोटीस दिली जाते आणि त्याचे उत्तर पाहून वरिष्ठ अधिकारी निर्णय घेतात. लष्कराच्या २००१ मधील आदेशानुसार पत्नीसाठी वेतनाच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक अपत्यासाठी साडेपाच टक्क्यांपर्यंत आणि एकंदर ३३ टक्क्यांपर्यंत कपातीची मर्यादा ठरवण्यात आली. याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली दंडाधिकाऱ्यांकडे वा कुटुंब न्यायालयाकडे अर्ज करता येतो. त्यात अंतरिम देखभालखर्चाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो.

आई सहकार्य करत नसेल तर

अडवणूक नेहमी पतीकडूनच होते असे नाही. मुलाला भेटू न देणारी, जन्मदाखला न देणारी पत्नीही असते आणि आपल्या अपत्याचे नाव अभिलेखात घालू इच्छिणारा पिता हतबल होतो. वस्तुतः त्याने हतबल होण्याचे कारण नाही. जन्मनोंदीचा उतारा निबंधकाकडून शुल्क भरून कोणालाही मागता येतो, त्यासाठी पत्नीची संमती लागत नाही. आई सैन्यात असेल आणि वडील सहकार्य करत नसतील, तेव्हाही हेच लागू होते. मात्र दाखल्यावरील नाव, आधारवरील नाव आणि अभिलेखातील नाव यांत तफावत राहू देऊ नये. एका अक्षराचा वा जन्मतारखेचा फरक पुढे निवृत्तिवेतनाच्या वेळी महिनोन्महिने खेटे घालायला लावतो.

समझोत्यातच लिहून घ्या

परस्परसंमतीने घटस्फोट घेताना पोटगी, दागिने, घर यांवर पानेच्या पाने लिहिली जातात आणि मुलाच्या लष्करी नोंदीचा उल्लेख राहून जातो. संमतीच्या अटींतच अभिलेखातील नाव कायम राहील, ओळखपत्र व आरोग्य योजनेचे कार्ड मुलासोबत राहणाऱ्या पालकाकडे दिले जाईल, शिक्षणभत्त्याची रक्कम मुलासाठीच खर्च होईल, असे नमूद करून घ्यावे. वाद चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाच्या पालनपोषणाविषयी अंतरिम आदेश मागताना नोंदीची मागणीही मांडता येते. वकिलाचा खर्च हे अडून राहण्याचे कारण नसावे. स्त्रिया व बालके यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी 'वीर परिवार सहायता योजना'ही सुरू केली.

सैनिक हयात असताना ही नोंद करून घेणे एका अर्जाचे काम असते. त्याच्या पश्चात तेच काम न्यायालयाच्या पायऱ्या चढायला लावू शकते, आणि तेव्हा साक्ष द्यायला तो नसतो. आईवडिलांनी एकमेकांशी भांडावे की नाही हा त्यांचा प्रश्न आहे. अभिलेखातील ती ओळ मात्र दोघांपैकी एकाचीही नाही. ती मुलाची आहे.