आधी आतला कंस

पान ब्राउझरमध्ये नीट दिसतंय म्हणजे टॅग बरोबर आहेत, हा फार पसरलेला गैरसमज. प्रत्यक्षात ब्राउझर आपल्या चुका न बोलता सावरून घेतो. ‘बी’ उघडला, त्याच्या आत ‘आय’ उघडला आणि ‘आय’ उघडा असतानाच ‘बी’ बंद केला, तर ब्राउझर ‘आय’ही तिथेच बंद करतो आणि पुढच्या मजकुरासाठी तो नव्याने उघडतो. एचटीएमएल ५ मध्ये या डागडुजीचे नियमच ठरवून दिले आहेत. त्यामुळे इन्स्पेक्टरमध्ये चूक शोधू नका, तिथे दुरुस्त झालेली रचना दिसते. मूळ कोड ‘व्ह्यू सोर्स’मध्ये बघा, फायरफॉक्स तिथे चुकीचे टॅग लाल रंगात दाखवतो.

उघडे आणि बंद टॅग मोजले, आकडा जुळला, की काम झालं? वरच्या उदाहरणात ‘आय’ नंतर बंद केला तर आकडा जुळतोच, चुकतो तो क्रम. शाळेत कंचेभागुबेव करताना आतला कंस आधी सोडवायचो, तसा इथे आतला टॅग आधी बंद व्हायला हवा. उलट आकडा जुळला नाही म्हणजे चूकच असंही नाही: ‘बीआर’ला बंद टॅग नसतोच आणि ‘एलआय’चा गाळला तरी चालतो. सर्वांत फसवी जोडी ‘पी’ आणि ‘डिव्ह’ची. ‘पी’च्या आत ‘डिव्ह’ लिहिला तर डोळ्यांना सगळं नेटकं दिसतं, पण ‘डिव्ह’ येताच ‘पी’ आपोआप बंद होतो. मग खाली लिहिलेल्या बंद ‘पी’मधून एक रिकामा परिच्छेद तयार होतो. पानावरच्या त्या अनाकलनीय मोकळ्या जागेपायी कितीजणांनी सीएसएस विनाकारण उसवलं असेल!

रेजेक्सने, म्हणजे नमुना देऊन केलेल्या शोधाने, अशा सगळ्या चुका सापडतात, हेही खरं नाही. मूळ अर्थाच्या रेजेक्सला एकात एक टॅगांची हवी तितकी खोली लक्षात ठेवता येत नाही. पीसीआरईसारख्या आवृत्त्यांना ते जमतं, पण कॉमेंटमधले टॅग त्यांनाही चकवतात.

म्हणून रेजेक्स टाकाऊ ठरत नाही. शेकडो फाइलींमधून ‘बी’ बंद होण्याआधी ‘आय’ उघडा राहिलेल्या जागा चाळायला तो उत्तम. फक्त टॅगच्या नावापुढे शब्दसीमा द्या, नाहीतर ‘बी’च्या शोधात ‘बॉडी’ही येईल. तारांकनापुढे प्रश्नचिन्ह द्या, नाहीतर शोध शेवटच्या ‘बी’पर्यंत धावेल. टॅग दोन ओळींत विभागलेला असेल तर डॉट सहसा नवी ओळ ओलांडत नाही, हेही लक्षात असू द्या. सापडलेल्या फाइली मग व्हॅलिडेटरला द्या. तो उघडलेले टॅग एकावर एक रचत जातो आणि बंद होणारा टॅग, ‘एलआय’सारखे गाळता येणारे सोडून, सर्वांत वरच्याशी जुळला नाही, की ओळीचा क्रमांक सांगतो.