एका सप्तकाची उडी

चित्रपटातील गीत हे चित्रपटाच्या हुकमतीत जन्मास येते. प्रसंग, पात्र आणि मूळ गायकाचा गळा यांच्या सोयीने ते बेतलेले असते, आणि म्हणूनच दुसऱ्या कंठात गेले की ते बहुधा परके वाटू लागते. या सर्वसाधारण अनुभवाला अपवाद ठरलेल्या गीतांत ‘ओव्हर द रेनबो’ या अमेरिकन गीताचा क्रम फार वरचा आहे. सन 1939 च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या बोलपटासाठी हॅरॉल्ड आर्लेन यांनी त्याची चाल बांधली, यिप हारबर्ग यांनी शब्द लिहिले आणि ज्यूडी गार्लंडने ते गायिले. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिचे वय अवघे सोळा वर्षांचे होते.

ज्या वाचकांच्या घरी पेटी असेल त्यांनी मध्य सप्तकातील षड्जावर बोट ठेवावे आणि पुढचाच स्वर म्हणून तार षड्ज दाबावा. गाण्याचा आरंभ हाच आहे : सा, सां, नि, प, ध, नि, सां. पहिल्याच शब्दात, कोणतीही पूर्वतयारी न करता, संपूर्ण सप्तकाची उडी! पुढच्या चरणात तीच उडी सा पासून ध पर्यंतच पोहोचते, आणि त्यानंतरची, मंद्र धैवतावरून निघून मध्यमावर टेकणारी, आणखी अर्ध्या स्वराने आखूड होते. उत्कंठा प्रथम उफाळावी आणि मग क्रमाक्रमाने जमिनीवर यावी, अशी ही रचना आहे. मधला भाग मात्र पेटी शिकणाऱ्या पोराच्या पलट्यासारखा, ग आणि प या दोनच स्वरांवर झोके घेत सुरू होतो. चाल प्रथम ऐकली तेव्हा हारबर्ग यांनी हरकत घेतली होती की, हे तर भारदस्त गळ्याच्या एखाद्या गवयाचे गाणे झाले, कॅन्ससच्या खेड्यातील मुलीचे नव्हे. ती हरकत मला अगदीच निराधार वाटत नाही. परंतु मधल्या त्या बालिश झोक्यांनी तिचे बरेचसे निरसन होते.

पुढे चित्रसंस्थेच्या काही अधिकाऱ्यांनी, गाण्यामुळे कथेची गती मंदावते या सबबीवर, ते कापून टाकण्याचा घाट घातला. सहनिर्माते आर्थर फ्रीड यांनी हट्ट धरला नसता तर ते रद्दबातलच व्हायचे. त्यालाच पुढे उत्कृष्ट गीताचे ऑस्कर मिळाले.

मूळ गाण्याच्या एवढ्या आवृत्त्या कशा निघू शकल्या, याचे एक कारण कलेच्या नव्हे, कायद्याच्या दप्तरात सापडते. अमेरिकेच्या 1909 च्या कायद्यान्वये, मालकाने एकदा आपल्या रचनेचे यांत्रिक मुद्रण होऊ दिले की मग प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट मेहनताना भरून कोणालाही तीच रचना नव्याने मुद्रित करण्याची मुभा होती. या परवान्याच्या आधारे त्या देशात एकेका चालीभोवती गायकांची रांग लागली. रांगेतील बहुतेकांनी ती सप्तकाची उडी खणखणीत मारून दाखविली. आणि उडी दाखविण्याची वस्तू झाली की तीतील आर्तता जाते, हे त्यांच्या गावीही नसावे.

याउलट, हवाई बेटांतील इझ्राएल कामाकाविवोओले या अतिस्थूल देहाच्या आणि विलक्षण कोमल कंठाच्या गायकाने 1988 साली होनोलुलूत एका अपरात्री, केवळ उकुलेले हाती घेऊन, एकाच बैठकीत हे गाणे मुद्रित केले. त्याने ओळी इकडच्या तिकडे केल्या, चालीला जागोजागी मुरड घातली आणि पुढे दुसरेच एक प्रसिद्ध गीत तिला जोडून दिले. शास्त्रीपंडितांनी यादी करावी इतके दोष त्यात आहेत, आणि तरीही गार्लंडनंतर ऐकावे असे मुद्रण मला विचाराल तर हेच. ते 1993 च्या त्याच्या ‘फेसिंग फ्यूचर’ या संग्रहात आले. तो 1997 साली, अवघ्या 38 व्या वर्षी वारला, आणि 2010 साली जर्मनीत हेच मुद्रण विक्रीत अग्रस्थानी जाऊन बसले. वॉशिंग्टनकडील एव्हा कॅसिडीने हेच गाणे अतिशय संथ लयीत, जणू प्रत्येक शब्दाची परवानगी घेत गायिले. तिचाही लौकिक मरणोत्तरच, ब्रिटनच्या नभोवाणीने पसरविलेला.

आपल्याकडेही 1957 च्या कायद्यात अशीच सवलत होती, आणि 1980 नंतर ‘व्हर्शन’ कॅसेटींचा जो सुळसुळाट झाला तो तिच्याच आश्रयाने. परंतु तेथे सगळी धडपड मूळ आवाजाची हुबेहूब नक्कल करण्याकडे होती; गिऱ्हाइकाला स्वस्तात रफी हवे होते, आणि तसेच काहीसे त्याला मिळाले. 2012 च्या दुरुस्तीने अशा आवृत्तीसाठी मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे थांबण्याची अट घातली, आणि मालकाच्या संमतीवाचून शब्दांत वा चालीत, तांत्रिक गरजेपलीकडे, फेरफार करण्यास मनाई केली. मालकांच्या हक्कांच्या दृष्टीने ही तजवीज रास्तच म्हणावी लागेल. मात्र तिची अक्षरशः अंमलबजावणी केली, तर नक्कल करणारे सारे निर्दोष सुटतील आणि पहिला आरोपी म्हणून होनोलुलूच्या त्या गायकालाच पिंजऱ्यात उभे करावे लागेल.