फळझाडे, द्राक्षवेली आणि विरॉइड

नागपूर आणि रायपूर ही दोन शहरे एकाच इतिहासाने जोडलेली आहेत. १८५४ पर्यंत दोन्हींवर नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते आणि पुढे १९५६ पर्यंत दोन्हींचा कारभार एकाच प्रांतात, नागपूर ह्या राजधानीतून चालत असे. शेती मात्र निरनिराळी. नागपूरच्या पश्चिमेस व उत्तरेस काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी ह्या भागांत संत्र्याच्या बागा पसरल्या आहेत. रायपूरच्या सभोवती मैलोगणती भाताची खाचरे आहेत. छत्तीसगडातील शेतकरी आता भाताच्या जोडीला फळझाडे व भाजीपाला लावू लागला आहे. फळझाड लावावयाचे म्हणजे कलम विकत आणावे लागते. कलम आणताना त्याच्याबरोबर आणखी काय घरी येते, हा ह्या लेखाचा विषय आहे.

वनस्पतींना रोग जडविणारे बहुतेक जीव परिचयाचे आहेत. बुरशी भिंगाखाली दिसते, जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. विषाणू त्याहूनही लहान असल्यामुळे त्यांचे दर्शन घडण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. विषाणू म्हणजे न्यूक्लिक आम्लाचा एक धागा व त्याभोवती प्रथिनांचे कवच. रोगाच्या कारणांची उतरंड येथे संपली, ह्याहून साधे असे काही रोग उत्पन्न करू शकणार नाही, असे १९७० पर्यंत शास्त्रज्ञ मानीत असत.

बटाट्यातील शोध

ह्या समजुतीला धक्का बटाट्याने दिला. अमेरिकेत १९२० नंतर बटाट्याचा एक विचित्र रोग लक्षात आला. रोगट झाडाचे बटाटे गोल न होता चातीसारखे लांबट व टोकदार होत. हा विषाणूचाच प्रताप असावा असे समजून अनेकांनी त्याचा शोध घेतला, परंतु विषाणू काही हाती लागेना.

मेरीलँड राज्यातील बेल्टस्व्हिल येथील कृषिसंशोधन केंद्रात थिओडोर ओ. डीनर हे स्विस वंशाचे शास्त्रज्ञ ह्या प्रश्नावर काम करीत होते. रोगट पानांचा रस अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात घातला असता विषाणूचे कण तळाशी बसावयास हवे होते; रोगकारक द्रव्य मात्र वरच्या द्रवातच राहिले. प्रथिनांचे पचन करणाऱ्या विकरांचा त्याच्यावर परिणाम होईना. रायबोन्यूक्लिक आम्ल, म्हणजे आर.एन.ए., नष्ट करणारे विकर घातले की मात्र त्याची रोगशक्ती लोपे. ह्यावरून निष्कर्ष एकच निघत होता. हे रोगकारक द्रव्य म्हणजे कवचाविना असलेला, अत्यंत आखूड असा आर.एन.ए.चा रेणू होता. १९७१ साली डीनर यांनी त्याला ‘विरॉइड’, म्हणजे विषाणूसारखा, हे नाव दिले.

पुढे जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले की, हा रेणू दोन्ही टोके जोडलेल्या कड्यासारखा असतो. १९७८ मध्ये त्याची संपूर्ण रचना वाचली गेली. त्यात अवघी ३५९ न्यूक्लिओटाइड अक्षरे होती. तंबाखूवरील केवडा रोगाच्या विषाणूत अशी सुमारे ६,४०० अक्षरे असतात. आज ज्ञात असलेले बहुतेक विरॉइड सुमारे २५० ते ४०० अक्षरांचे आहेत. एवढा मजकूर छापील पानाच्या सात-आठ ओळींत मावेल.

प्रथिनाविना रोग कसा होतो?

विषाणूच्या न्यूक्लिक आम्लात प्रथिने तयार करण्याची आज्ञा लिहिलेली असते. विरॉइडमध्ये अशी एकही आज्ञा नसते. तो काहीही घडवीत नाही. स्वतःची नक्कल होऊ देणे एवढेच त्याला साधते. ह्यासाठी लागणारी यंत्रसामग्री तो झाडाकडून घेतो. बहुतेक विरॉइड पेशीच्या केंद्रकात शिरतात. तेथे झाडाचे स्वतःचे विकर ह्या कड्याभोवती पुनःपुन्हा फिरून त्याच्या प्रतींची लांब साखळी बनविते. ती तुटून पुन्हा नवी कडी तयार होतात. ॲव्होकॅडो व पीच ह्या फळझाडांवरील काही विरॉइड हरितलवकात वाढतात आणि त्यांचा रेणू तर स्वतःच स्वतःला योग्य ठिकाणी कापतो.

मग झाडास अपाय का व्हावा? झाडाच्या पेशी परक्या आर.एन.ए.चे बारीक तुकडे करून त्याचा नाश करू पाहतात. विरॉइडचे हे तुकडे कधी कधी झाडाच्याच एखाद्या महत्त्वाच्या संदेशाशी जुळतात, आणि मग पेशी स्वतःचाच संदेश कापून टाकते. पीचच्या पानांवर पांढरे डाग पाडणाऱ्या विरॉइडच्या बाबतीत असे घडते, हे २०१२ मध्ये प्रयोगाने दाखविण्यात आले. झाडाची संरक्षणव्यवस्थाच अशा रीतीने त्याच्यावर उलटते.

संत्रा आणि त्याचा खुंट

लिंबूवर्गातील सर्वांत प्रसिद्ध विरॉइड रोगाचे नाव ‘एक्सोकॉर्टिस’ असे आहे. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील फॉसेट व क्लॉट्झ यांनी हे नाव दिले. ह्या रोगात खुंटाची साल सुकून तिचे पापुद्रे निघतात, झाड खुजे राहते व उत्पन्न घटते. हा रोग विरॉइडमुळे होतो हे १९७२ च्या सुमारास सिद्ध झाले. ह्या विरॉइडमध्ये सुमारे ३७१ अक्षरे असतात.

येथे खुंटाचा विचार महत्त्वाचा ठरतो. संत्र्याचे झाड म्हणजे दोन झाडांचा संयोग असतो. खाली पन्हेरीत वाढविलेला खुंट, वर डोळा भरून वाढविलेला संत्रा. विदर्भात जंबेरीचा खुंट पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. त्याच्या जोडीला रंगपूर लिंबाचा खुंटही वापरला जातो. जंबेरी हा विरॉइड अंगी वागवूनही सहसा लक्षणे दाखवीत नाही. रंगपूर लिंबू आणि त्रिपर्णी संत्रे हे खुंट मात्र त्याला बळी पडतात. म्हणजे जंबेरीवर वर्षानुवर्षे निरोगी दिसलेल्या झाडाचा डोळा रंगपूर लिंबावर भरला, तर आजवर लपलेला रोग उघड होऊ शकतो.

हा धोका केवळ काल्पनिक नाही. ब्राझीलमधील साव पावलो राज्यात १९४० च्या सुमारास ट्रिस्टेझा ह्या विषाणुरोगाने आंबट संत्र्याच्या खुंटावरील बागा उद्ध्वस्त केल्या. बागाईतदारांनी ट्रिस्टेझा सहन करणारा रंगपूर लिंबाचा खुंट निवडला. काही वर्षांनी ह्या नव्या बागांत खुंटाची साल सोलली जाऊ लागली. जुन्या वाणांत एक्सोकॉर्टिसचा विरॉइड पूर्वीपासून होता. आधीच्या खुंटावर तो प्रकट झाला नव्हता, इतकेच.

बागाईतदाराची खरी अडचण काळाची आहे. साल सोलण्याचे लक्षण दिसण्यास सामान्यतः चार ते आठ वर्षे लागतात. तोवर खड्डे, खत, पाणी, मजुरी ह्यांवर खर्च झालेला असतो. रोपवाटिकेतून आणताना कलम हिरवेगार व टवटवीत असते, आणि विकणाऱ्यालाही त्यातील दोष ठाऊक नसतो.

एक रोग, अनेक घरे

भारतात लिंबूवर्गीय झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून त्यांवर बुचासारखा खरखरीतपणा येणारा एक रोग आढळतो. अशा रोगट झाडांत २००३ साली दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतील संशोधकांना ‘हॉप स्टंट’ विरॉइडचा एक प्रकार मिळाला. त्यानंतर एक्सोकॉर्टिसच्या विरॉइडचाही एक प्रकार मिळाला.

हॉप ही बिअरला कडवटपणा आणणारी वेल होय. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ह्या वेली खुरटू लागल्या. कारण शोधता शोधता संशोधक द्राक्षवेलीपाशी पोचले. द्राक्षवेलीत हाच विरॉइड जगभर सर्वत्र आढळतो, आणि तेथे तो बहुधा काहीच लक्षणे दाखवीत नाही. द्राक्षातील विरॉइड हॉपमध्ये घालून तो १५ वर्षे वाढविला असता त्याची रचना जपानी रोगातील विरॉइडसारखी होत गेली, असे प्रयोगांनी दाखविले. एका पिकातील निरुपद्रवी पाहुणा शेजारच्या पिकाचा वैरी ठरला.

टोमॅटोचे उदाहरण छत्तीसगडाला अधिक जवळचे आहे. दुर्ग व जशपूर जिल्ह्यांत टोमॅटोचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. भारतातील टोमॅटोवर शेंड्याची पाने दाटीने गोळा होऊन झाड खुजे राहणारा एक रोग पूर्वीपासून माहीत होता. १९९१ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ मिश्रा आणि स्वतः डीनर यांच्यासह काही संशोधकांनी सिद्ध केले की, ह्या रोगाचे कारण म्हणजे लिंबूवर्गातील एक्सोकॉर्टिस विरॉइडचाच एक निराळा प्रकार होय.

नारळाची कथा सर्वांत भयंकर आहे. फिलिपीन्समध्ये ‘कडांग-कडांग’ रोगाने तीन कोटींहून अधिक माड मेले, असा अंदाज आहे. त्याचे कारण असलेला विरॉइड अवघ्या २४६ अक्षरांचा आहे.

द्राक्षमळ्यातील कात्री

महाराष्ट्रात नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे ह्या जिल्ह्यांत द्राक्षमळे आहेत. भारतातील द्राक्षवेलींत हॉप स्टंट विरॉइड आणि पानांवर पिवळे ठिपके पाडणारा विरॉइड असल्याची नोंद २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. पिवळ्या ठिपक्यांचा विरॉइड एकटा असताना फारसा त्रास देत नाही. परंतु पंखपर्ण रोगाचा विषाणू त्याच्या जोडीस आला, की पानाच्या शिरांलगत पिवळे पट्टे उमटतात व उत्पन्नास धक्का बसतो.

महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. एकच कात्री दिवसभरात शेकडो वेलींवरून फिरते. लिंबूवर्गातील व द्राक्षातील विरॉइडच्या प्रसाराचे मुख्य मार्ग दोनच आहेत : रोगट झाडाचा डोळा किंवा काडी, आणि रसाने माखलेले हत्यार. मावा-तुडतुड्यांची त्याला गरज लागत नाही. प्रसार माणसाच्या हातून होतो, म्हणूनच तो थांबविणेही माणसाच्या हाती आहे.

उष्ण हवामान विरॉइडला मानवते. तीस अंशांच्या वर तापमान गेले की त्याची वाढ जोमाने होते. त्यामुळे नागपूर-रायपूरच्या उन्हाळ्याकडून ह्या बाबतीत साहाय्याची अपेक्षा करता येत नाही. अनेक विषाणू झाडाला उष्ण खोलीत ठेवून घालविता येतात. विरॉइडच्या बाबतीत तो उपाय चालत नाही.

उपाय कोणते?

विरॉइड जडलेल्या झाडास बरे करणारे औषध नाही. फवारणीने तो जात नाही. जे काही करावयाचे, ते झाड लावण्यापूर्वी.

पहिला उपाय म्हणजे मातृवृक्षाची परीक्षा. प्रयोगशाळेत आर.एन.ए.च्या प्रती वाढवून विरॉइड ओळखण्याची पद्धत आज उपलब्ध आहे. त्यापूर्वी शास्त्रज्ञ महाळुंगाच्या एका संवेदनशील जातीवर संशयित झाडाचा डोळा भरीत. विरॉइड असल्यास महाळुंगाची पाने खालच्या बाजूस वळतात. ही जुनी परीक्षा आजही विश्वसनीय मानली जाते.

दुसरा उपाय शेंडाकलमाचा. कोंबाच्या अगदी टोकावरील, मिलीमीटरच्या अंशाएवढ्या भागात विरॉइड बहुधा पोचलेला नसतो. तेवढा भाग सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचनळीतील लहानशा खुंटावर बसविला, तर त्यापासून रोगमुक्त झाड वाढविता येते. लिंबूवर्गासाठी ही रीत १९७० नंतरच्या दशकात मुराशिगे, नव्हारो आदी संशोधकांनी विकसित केली. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमे तयार करण्याच्या कामी अग्रेसर आहे.

तिसरा उपाय अगदी साधा आहे. चाकू व कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नेण्यापूर्वी सोडियम हायपोक्लोराइटच्या सुमारे एक टक्का द्रावणात बुडवावी व मग पुसून तेल लावावे, म्हणजे गंज चढत नाही. हत्यार नुसते ज्योतीवरून फिरविल्याने किंवा मद्यार्काने पुसल्याने विरॉइड खात्रीने नष्ट होत नाही.

बागेतील प्रत्येक ऱ्हासाचे खापर मात्र विरॉइडवर फोडणे योग्य होणार नाही. विदर्भातील संत्रा मूळकूज, डिंक्या, ट्रिस्टेझा, हरितरोग, पाण्याचा निचरा न होणारी जमीन अशा अनेक कारणांनी खंगतो. परीक्षेवाचून निदान करणे म्हणजे आणखी एक चूक करणे होय.

रायपूरचे स्थान

रायपूरजवळ बरोंडा येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. कीड, रोग, तण इत्यादी सजीव कारणांनी पिकांवर येणाऱ्या संकटांचा अभ्यास करण्यासाठी ती २०१२ मध्ये स्थापन झाली व २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आली. १९८७ पासून रायपुरात इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयही आहे. ज्या प्रदेशात फळबागांचा विस्तार आता होत आहे, त्याला एक लाभ असतो. जुन्या बागांतील दोष नव्या बागांत उतरू न देण्याची संधी त्याला मिळते. वरूड तालुक्यातील शेंदुरजना घाट संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे आणि विदर्भातील कलमे दूरदूरच्या प्रांतांत जातात. अशा कलमांबरोबर मातृवृक्षाच्या परीक्षेचा दाखला येऊ लागला, तर घेणारा आणि देणारा असे दोघेही निर्धास्त होतील.

कलम घेताना त्याची उंची व पानांचा तजेला पाहण्याची रीत आहे. ह्यापुढे बागाईतदाराने आणखी दोन प्रश्न विचारावेत : डोळा कोणत्या झाडाचा आहे, आणि त्या झाडाची परीक्षा केव्हा झाली? पुढील वीस-पंचवीस वर्षांचे बागेचे उत्पन्न ह्या दोन उत्तरांवर बरेचसे अवलंबून राहील.